बातमी कोणाच्या तोंडची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या या आनंदाच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसबाईंनी केली. मी काही वक्ती नव्हे. माझी सारी नोकरी शाळेच्या कचेरीत हजेरीपट आणि फीच्या पावत्या लिहिण्यात गेली. तेव्हा बोलण्यात अधिकउणे झाले, तर घरची म्हणून सांभाळून घ्या.

विषय मात्र मी आपण होऊन मागून घेतला. गेल्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जात असताना आपल्या वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या बिलाचा प्रश्न निघाला, हे आपणांस आठवत असेल. आपल्याकडे दोन मराठी दैनिके येतात. एका भगिनीने सूचना मांडली, की दोहोंपैकी एक बंद करावे. त्या म्हणाल्या, "पैशाचं एक वेळ जाऊ द्या. पण त्या दुसऱ्या पेपरात सगळं आपल्या विचारांच्या उलट असतं. वाचून नुसतं डोकं उठतं. विकतचा मनस्ताप कशाला?" काहींनी माना डोलावल्या, काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि ठराव पुढच्या सभेवर गेला.

त्या दिवशी मी गप्प बसले. पण घरी गेल्यावर मला झोप आली नाही. या प्रश्नावर बोलण्याचा माझ्यावर इतरांहून अधिक बोजा आहे. तो का, ते पुढे सांगतेच.

आमचे लहानपण इथेच नाशकात, पंचवटीतल्या एका वाड्यात गेले. वाड्यात बिऱ्हाडे नऊ आणि नळ एक. आमच्या आयांना बातम्या मिळत त्या मुख्यत्वे नळावर. कोणाच्या लेकीचे जमले, कोणाच्या जावयाची बदली झाली, रेशनच्या दुकानात साखर आली की नाही, हे सारे तेथे कळे. आणि त्यातले निम्मे संध्याकाळपर्यंत खोटेही ठरे! पण एक गोष्ट होती. सांगणारी बाई समोर उभी असे. तिचे सांगणे खोटे निघाले, तरी दुसऱ्या दिवशी तीच कळशी घेऊन त्याच नळावर तिला यावे लागे. त्यामुळे बाया बेताने बोलत. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं" आणि "कोणीसं म्हणत होतं" या दोन वाक्यांतला फरक नळावर सर्वांना पक्का ठाऊक असे.

पुरुषमंडळींचे ज्ञान वर्तमानपत्रातले. आमच्या अण्णांकडे एक दैनिक येई, आणि माडीवर राहणाऱ्या काकांकडे दुसरे. दोघे सख्खे भाऊ, पण राजकारण दोन टोकांचे. निवडणुकीच्या दिवसांत आई आणि काकू त्यांची पाने पंगतीत शेजारी मांडीत नसत! तरी रोज सकाळी नऊ वाजता अण्णांचे पत्र माडीवर जाई आणि काकांचे खाली येई. ही नेआण माझ्याकडे असे. एकदा मी अण्णांना विचारले, "अण्णा, तुम्हाला काकांचा पेपर मुळीच पटत नाही. मग रोज वाचता कशाला?"

अण्णा म्हणाले, "माझा पेपर मला काय घडलं ते सांगतो. पण त्यानं काय गाळलं, ते तो कसं सांगेल? ते तुझ्या काकाच्याच पेपरात सापडायचं."

भगिनींनो, अण्णांचे मत जन्मभर बदलले नाही, आणि काकांचेही नाही. विरुद्ध मत वाचले की माणूस लगेच विरघळतो, असे मी मुळीच सांगणार नाही. परंतु अण्णांनी काकांना कधी लबाड म्हटले नाही, काकांनी अण्णांना मूर्ख म्हटले नाही. "त्याचं चुकतंय" एवढेच ते म्हणत. आणि का चुकते आहे, ते सांगू शकत. दुसऱ्याचे कारण ठाऊक असल्यावाचून तसे सांगता येत नाही. मला वाटते, त्या दोन पत्रांच्या पैशांत आमच्या घरात दोन भाऊ एकत्र राहिले, हा काही लहान लाभ नव्हे.

अण्णांचा आणखी एक नियम होता. दोन्ही पत्रांत एखादी गोष्ट सारखीच छापून आली, तर ती बहुतेक खरी समजावी. नियम चांगला होता; पण तोही एकदा फसला.

१९७५ सालच्या २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. २८ जूनला 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. कोरा कागदही बोलतो, हे त्या वेळी लोकांनी पाहिले. पुढे १९७६ च्या फेब्रुवारीत देशातल्या चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था करण्यात आली. म्हणजे पत्रे पुष्कळ, परंतु त्यांना बातमी पुरवणारा हात एक. त्या दिवसांत एका सकाळी काका स्वतःच जिना उतरून खाली आले आणि म्हणाले, "दादा, आज पेपर बदलायचं कारण नाही. दोन्हींत अक्षर न् अक्षर एकच आहे." आणि रात्री दोघे भाऊ, जन्माचे प्रतिपक्षी, एकाच रेडिओला कान लावून बी.बी.सी.च्या हिंदी बातम्या ऐकत बसू लागले. १९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणी उठली आणि पुढच्याच वर्षी त्या चार संस्था पुन्हा वेगळ्या झाल्या.

त्या वेळी अण्णांनी आपला नियम दुरुस्त केला. ते म्हणाले, "किती तोंडांनी सांगितलं, ते मोजून उपयोग नाही. किती डोळ्यांनी पाहिलं, ते मोजायला हवं होतं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकले, माझ्या वहीत लिहूनही ठेवले, आणि पुढे चाळीस वर्षांनी नेमके जेव्हा त्याची गरज पडली तेव्हा ते मला आठवले नाही. आता तेच सांगते.

बातमीचा वेग काही मोबाईलनेच वाढला असे नाही. १९९५ सालच्या २१ सप्टेंबरची आपणांपैकी पुष्कळजणींना आठवण असेल. त्या दिवशी गणपती दूध पितो म्हणून सकाळपासून फोन खणखणू लागले, आणि दुपारपर्यंत सगळ्या देशात देवळांपुढे रांगा लागल्या. मीही वाटी-चमचा घेऊन रांगेत होते, खोटे कशाला बोलू? दगड आणि धातू दूध कसे ओढून घेतात, ते शास्त्रज्ञांनी पुढे समजावून सांगितले. पण त्या दिवशी फार तर दूध वाया गेले. कोणाच्या अंगाला ओरखडा उठला नाही. म्हणून आपण हसलो आणि विसरलो. त्या विसरण्याचीच किंमत पुढे द्यावी लागली.

२०१८ च्या जून महिन्यातली गोष्ट. पुण्याहून माझ्या नणंदेने व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत आणि खाली मजकूर पाठवला. चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत होते. खाली लिहिले होते, की मुले पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे. तीत बायकाही आहेत. त्या कपडे-भांड्यांच्या मिषाने दारोदार फिरतात. हे सर्व आयांना कळवा. मी स्वतः आजी. नातू चार वर्षांचा. काळजात धस्स झाले. क्षणाचाही विचार न करता मी तो मजकूर आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला, शिवाय आणखी चार ठिकाणी पाठवला, आणि खाली हात जोडून लिहिले, "काळजी घ्या." आपण एक सत्कार्य केले, असे मला खचित वाटले.

संध्याकाळी तोच मजकूर आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आला. रात्री भावजयीकडून आला. मी ह्यांना म्हटले, "बघा, आता तिन्हीकडून आलं. म्हणजे खरंच असणार." पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की इमारतीच्या ग्रुपवर टाकणाऱ्या बाईंना तो आपल्या मंडळाच्या ग्रुपवरून मिळाला होता, आणि भावजयीला त्या बाईंच्या जावेकडून. म्हणजे माझीच बातमी गावभर फिरून मला पुरावा म्हणून परत आली होती! तोंडे तीन, आणि डोळा एकही नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी आपल्या आळीत बोहारीण आली. दहा वर्षे ती येत होती. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे गाठोडे. माझ्या पायरीवर बसून आम्ही कितीदा घासाघीस केली असेल! "दोन पँटी आणि जरीच्या साडीला एवढंसं पातेलं? वर झाकण टाक," मी म्हणायची, आणि "बाई, मग मी काय घरी नेऊ?" असे म्हणत ती झाकण टाकायची. त्या दिवशी तिच्याबरोबर तीन वर्षांची एक पोर होती. पोर उन्हाने रडत होती.

कोपऱ्यावरच्या चार मुलांनी तिला हटकले. "पोर कोणाची?" तिचे मराठी वेगळ्या वळणाचे, भीतीने तेही नीट फुटेना. माणसे जमली. कोणी पाटी ओढली, भांडी रस्त्यावर गडगडली. कोणी तिच्या मुस्काटात मारली. दोघे-तिघे मोबाईलवर चित्र घेत होते. आवाज ऐकून मी जिन्यापर्यंत आले. आणि त्या गलक्यात एका मुलाचे वाक्य मला स्पष्ट ऐकू आले: "अरे, मंडळाच्या काकूंनीच मेसेज टाकलाय!"

भगिनींनो, मी पुढे झाले नाही. "ही आपली बोहारीण आहे, मी हिला दहा वर्षं ओळखते," एवढे एक वाक्य बोलायचे होते. मी जिन्यात उभी राहिले. पुढे झाले ते पिठाच्या गिरणीवाले काका. त्यांनी तिला आणि पोरीला हाताला धरून गिरणीत ओढले, शटर खाली घेतले आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आले. पोर तिच्या मुलीची निघाली. मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, म्हणून आजी नातीला बरोबर घेऊन फिरत होती.

दुसऱ्या दिवशी चिटणीसबाईंना सोबत घेऊन मी चौकीवर गेले. मुले पळवल्याची एकही तक्रार त्यांच्या हद्दीत नोंदलेली नव्हती. चौकी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. बातमी पाठवण्यापूर्वी मी तेथे गेले असते, निदान फोन केला असता, तर हे घडले नसते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी काय झाले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. आठवडे बाजाराचा दिवस होता. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि ठार मारले. पाच माणसे! पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी. ती वार्ता वाचताना माझ्या हातातला कप खाली पडला. आमच्या आळीत गिरणीला शटर नसते तर?

आणि त्या चित्रफितीचे मूळ पुढे उघड झाले. ती आपल्या देशातली नव्हतीच. मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना सावध करण्यासाठी पाकिस्तानात कराची येथे ती मुद्दाम तयार केलेली होती. मूळ फितीत ते मोटारसायकलवाले मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि पालकांसाठी इशाऱ्याचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. आईबापांना सावध करायला काढलेली फीत, शेवट कापल्याबरोबर माणसे मारायच्या कामी आली. अण्णा म्हणत ते हेच. काय गाळले, ते गाळणारा सांगत नाही.

त्या जुलै महिन्यातच व्हॉट्सॲप कंपनीने आपल्या देशात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, असे बंधन घातले. ठीक आहे. पण मी तरी कोठे शेकडो ठिकाणी पाठवला होता? मंडळाचा ग्रुप आणि आणखी चार. म्हणजे मोजून पाचच ठिकाणी. यंत्राने पाचांवर कुंपण घातले, तरी पहिल्या एकापाशी थांबायचे, ते आपल्याच बोटाने.

आता मूळ प्रश्नाकडे येते. विरुद्ध बाजू वाचावी की नाही?

माझे उत्तर असे, की वाचावी. पण विरुद्ध बाजू म्हणजे नेमकी कोणाची, हे आधी नीट ओळखावे. आपल्याला वाटते, की दोन पक्षांची दोन पत्रे वाचली म्हणजे दोन्ही बाजू झाल्या. तसे नेहमी होत नाही. पुष्कळदा ज्याच्याविषयी बातमी आहे, त्याचा आवाज दोन्हींत नसतो. त्या जूनमध्ये कोणी म्हणत होते टोळी आली आहे, कोणी म्हणत होते सरकार निजले आहे. बोहारणीला कोणीच विचारले नव्हते.

हे काही आजचेच नाही. आपल्या मराठी वृत्तपत्रांचा इतिहास पाहा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. पुढे पन्नास वर्षांत पत्रे वाढली, वाद रंगले. १८८१ साली सुरतेच्या एका तरुण विधवेला स्वतःचे मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. पत्रांतून पुरुषमंडळींनी समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर झोड उठवली. लिहिणारे पुरुष, वाचणारे पुरुष, आणि विषय बाईचा! तेव्हा आपल्या महाराष्ट्रातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ते लिखाण वाचून लेखणी उचलली आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापून उत्तर दिले. त्या विधवेचा गुन्हा एकटीचा कसा, असे पुरुषांना विचारणारी बाई त्या काळी निघाली. पुढे १८८५ साली रखमाबाईंनी बालविवाहाविषयी इंग्रजी पत्रात पत्रे लिहिली, तीही आपले नाव झाकून.

टिळक आणि आगरकर यांचा वाद तर आपण शाळेपासून ऐकतो. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चे आगरकर हे पहिले संपादक. मतभेद झाला तेव्हा बाहेर पडून त्यांनी १८८८ साली 'सुधारक' काढले. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्यावर दोन्ही पत्रे दोन बाजूंना उभी होती. ज्या घरी एकच पत्र येई, त्या घरी एकच बाजू कळे. पण दोन्ही पत्रे घेणाऱ्यालाही दहा वर्षांच्या त्या मुलीला काय वाटते, ते वाचायला मिळाले नसणार.

आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे पाक्षिक सुरू केले, त्याचे नावच 'मूकनायक' ठेवले. त्याला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. ज्यांच्याविषयी सगळे बोलत आणि ज्यांना कोणी बोलू देत नसे, त्यांना स्वतःचे पत्र काढावे लागले. तेव्हा विरुद्ध बाजू शोधायची, ती केवळ तावातावाने भांडणाऱ्या दोघांत शोधू नये. गप्प कोण आहे, ते पाहावे.

येथे कोणी म्हणेल, "मग काय प्रत्येक गोष्टीला दोन बाजू मानायच्या? उद्या कोणी काहीही ठोकून देईल, तेही वाचत बसायचं?" नाही. मत आणि घडलेली गोष्ट यांत फरक आहे. दूध नासले आहे की नाही, हे दोघींची मते विचारून ठरत नाही. ते तापवून पाहावे लागते. मुले पळवली गेली की नाही, याचे उत्तर चौकीवर मिळते, वादात नव्हे. परंतु गावातला रस्ता रुंद करावा की नाही, धरणाचे पाणी कोणाला किती द्यावे, मुलांना कोणत्या भाषेत शिकवावे, असल्या प्रश्नांना तापवून पाहण्याची सोय नाही. तेथे दुसऱ्याचे कारण ऐकल्याशिवाय आपलेही मत पक्के होत नाही. ते नुसते हट्ट होऊन बसते.

दुसरी अडचण आपल्या त्या भगिनीने मांडली, ती खरी आहे. उलट मत वाचून डोके उठते. माझेही उठते. म्हणून मी एक बेत ठरवला आहे. दुसऱ्या पत्रातले सारे मी वाचत नाही. जी बातमी माझ्या पत्रात वाचून मला फार राग आला, किंवा फार आनंद झाला, तेवढीच त्या पत्रात शोधते. पंधरा मिनिटे पुरतात. कधी दोन्हींत एकच असते, कधी माझ्या पत्राने अर्धे खाल्लेले असते, कधी त्यांच्या. राग मात्र थोडा खाली बसतो. आणि रागाच्या भरात मोबाईलवर बोट चालत नाही, हा मोठाच लाभ.

आता माझी कार्यकारिणीला विनंती अशी. वाचनालयातली दोन्ही दैनिके चालू ठेवावीत. बिलाचा प्रश्न असेल, तर एकाचे वर्षाचे बिल मी देईन. माझ्याकडून ते देणे लागतेच. आणि त्यांच्याशेजारी एक साधी आखलेली वही ठेवावी. ग्रुपवर कोणतीही घाबरवणारी बातमी टाकण्यापूर्वी सभासदाने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. कोणी सांगितले? कोणी पाहिले? आणि ज्याच्याविषयी आहे, त्याला विचारले का? तिन्ही रकाने भरले तर खुशाल टाकावी. मधला रकाना कोरा राहिला तर बातमी तेथेच राहू द्यावी. वहीतली पहिली नोंद मी माझ्या त्या जूनच्या मजकुराची करून ठेवली आहे. दुसरा आणि तिसरा रकाना कोरा आहे.

बोहारणीचे काय झाले, असे आपण मनात विचारत असाल. पंधरा दिवसांनी गिरणीवाल्या काकांना बरोबर घेऊन मी तिच्या वस्तीवर गेले. दहा वर्षांत तिचे नावदेखील मी विचारले नव्हते, ते त्या दिवशी कळले. पण तिला विचारल्यावाचून ते इथे सांगणे बरे नव्हे. तिने मला खाटेवर बसवले, पाणी दिले. मी कबूल केले, की तो मजकूर मी पाठवला होता. मला वाटले होते, ती रागावेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, दहा वर्षं तुमच्या पायरीवर बसले. मलाच एकदा विचारायचं होतं ना, पोर कोणाची म्हणून."

ती पुन्हा आपल्या आळीत आली नाही. जरीची एक जुनी साडी माझ्या कपाटात तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलेली आहे, ती तशीच आहे.

त्या दिवशी आळीत आपल्यापैकीही काहीजणी होत्या. आज ही गोष्ट भर सभेत काढली, याबद्दल मला क्षमा करा. पण मंडळाच्या वर्धापनदिनी नुसती कामगिरी वाचावी आणि चूक झाकावी, हेही एक प्रकारचे गाळणेच झाले असते.